येसू रंगारणीचा प्रश्न

फार पूर्वी, डोंगराच्या कुशीत एक मठ होता. तिथले वृद्ध स्वामी रोज सकाळी शिष्यांना उपदेश करत. उपदेश पोथीतल्या संस्कृतात चाले आणि त्याची सुरुवात ठरलेली असे, "शृणुत भोः पुरुषाः!" म्हणजे, पुरुषहो, ऐका.

डोंगराखालच्या गावातली माणसं यायची, पायरीवर नारळ ठेवायची, हात जोडून परत जायची. आपल्याला यातलं काही कळायचं नाही, हे त्यांनी मान्यच करून टाकलं होतं. बायका तर पायरीवरही टेकत नसत. हाक पुरुषांना होती, मग त्यांनी कशाला थांबायचं?

त्या गावात येसू नावाची एक रंगारीण होती. तापाच्या साथीत तिची सहा वर्षांची मुलगी गेली. महिना उलटला. मग एके सकाळी निळीने माखलेल्या हातांनीच ती डोंगर चढली आणि सरळ सभामंडपात जाऊन उभी राहिली.

"स्वामीमहाराज, माझी पोर गेली. पण भाकरी थापताना अजून तिच्या नावानं तोंडातून हाक निघते. त्या हाकेचं मी काय करू?"

स्वामींनी डोळे मिटले आणि एक सुरेख श्लोक म्हटला. शिष्यांनी माना डोलावल्या.

येसूने नमस्कार केला. "थोरच असेल तुमचं म्हणणं. पण माझ्या हाती काही लागलं नाही, महाराज."

"थांबा, बाई. सोप्या शब्दांत सांगतो," स्वामी म्हणाले. त्यांनी तोंड उघडलं, आणि शब्दच सुचेनात. चाळीस वर्षं जो श्लोक म्हटला, तो एका दुःखी बाईला सांगता येईना. येसू निघून गेली.

दुसऱ्या दिवशी स्वामी काठी टेकत डोंगर उतरले आणि येसूच्या अंगणात रंगाच्या रांजणांपाशी येऊन बसले. येसू गडबडली.

"महाराज, तुम्ही इथं?"

"शिकायला आलोय. तुम्ही माणसं सुखदुःखाचं कसं बोलता, ते मला येत नाही."

मग ते रोज येऊ लागले. गावकरी बोलत, स्वामी ऐकत. एकदा कापडं रंगवून झाली, तरी रांजणात रंग उरला होता. स्वामींनी विचारलं, "आता हा रंग ओतून देणार?"

"छे! इतक्या कष्टानं केलेला रंग कोण ओतून देईल? दुसरं कापड बुडवायचं," असं म्हणता म्हणता येसूचे हात थांबले. तिचे डोळे भरून आले.

स्वामी हलकेच म्हणाले, "तुमच्या मनात मायाही अशीच उरली आहे, बाई."

त्या साथीत शेजारचं एक लेकरू आईवाचून उरलं होतं. त्या दिवशी भाकरी थापताना येसूच्या तोंडी हाक आली, ती त्या लेकराच्या नावाची होती.

स्वामींनी मठात जाहीर केलं, "येत्या पौर्णिमेला सकाळी सगळ्यांसाठी, सगळ्यांच्या भाषेत उपदेश होईल."

त्यांचे पट्टशिष्य धुंडिराजशास्त्री संतापले. "स्वामी, चुलीपुढच्या बोलीत आणलं तर ज्ञान बाटेल! तसं झालं तर मी शिष्यांना घेऊन मठ सोडेन."

"येसूबाईंना उत्तर देता आलं नाही, तेव्हाच मला उमगलं, की मलाही ते पुरतं कळलं नव्हतं," स्वामी म्हणाले. "तुम्ही गेलात तर वाईट वाटेल. पण दार आता बंद होणार नाही."

पौर्णिमेला मंडप फुलून गेला. रंगारी आले, कुंभार आले, डोंगरापलीकडचे वेगळ्या बोलीचे मेंढपाळही आले. स्वामी उठले आणि म्हणाले, "बायांनो, बाप्यांनो, लेकरांनो, ऐका!"

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. मागे उभ्या होत्या त्या पुढे येऊन बसल्या.

स्वामी एक वाक्य बोलत आणि थांबत. गावोगाव फिरणारा कासार ते मेंढपाळांना त्यांच्या बोलीत सांगे. एक कुंभारीण आपल्या बहिऱ्या नवऱ्याला हातांच्या खुणांनी समजावे. खुणा कळल्या की तो जोरात मान हलवी. मगच स्वामी पुढे बोलत.

शास्त्री उठले. त्यांच्यामागून सातआठ शिष्य उठले. ते दारापर्यंत पोचले, तोच मंडपातून एका म्हातारीचा आवाज आला.

"मी विचारू का काही?"

शास्त्री थबकले. ती त्यांची आई होती. वीस वर्षं ती मठाचा स्वयंपाक करत होती. आजवर तिने एकही प्रश्न विचारला नव्हता.

"माझा जन्म चुलीपुढं गेला," ती म्हणाली. "जप झाला नाही, पोथी ऐकली नाही. देवाच्या दारात माझं काय होणार?"

स्वामींनी दाराकडे पाहिलं. "शास्त्रीबुवा, आईला उत्तर तुम्ही द्या."

शास्त्रींनी सवयीने एक श्लोक सुरू केला. आई त्यांच्याकडे नुसती बघत राहिली. श्लोक अर्ध्यावरच राहिला. मग ते परत येऊन आईसमोर बसले.

"आई, आलेल्या कुणालाही तू उपाशी जाऊ दिलं नाहीस. आम्ही दयेचा अर्थ सांगत बसलो. तू दया वाढत होतीस. देवाच्या दारात तू आमच्या पुढं असशील."

आईने डोळे पुसले. "एवढं सोपं होतं, तर मला आधी का नाही सांगितलंस रे, बाळा?"

शास्त्रींनी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. दारातले शिष्य एकेक करून परत आले आणि जागा मिळेल तिथे, मेंढपाळांच्या मांडीला मांडी लावून बसले. कुणीतरी जयजयकार केला आणि पाहता पाहता सगळा डोंगर दुमदुमला. बहिऱ्या कुंभाराला तो ऐकू आला नाही, पण सगळ्यांचे वर गेलेले हात पाहून त्यानेही आपले दोन्ही हात उंच केले.

पुढे मठाचा मंडप वाढवावा लागला. पोथ्या कुणी टाकल्या नाहीत. उलट, शिकायचं असेल त्या बाईला, त्या लेकराला त्या शिकवल्या जाऊ लागल्या, आणि शिकवायला धुंडिराजशास्त्री स्वतः बसत.

तात्पर्य: जे ज्ञान आपल्या माणसालाही सांगता येत नाही, ते आपल्यालाच अजून कळलेलं नसतं. आणि ज्या हाकेत सगळे येतात, तिलाच सगळे ओ देतात.