वाचनालयाची पूर्वेकडची भिंत

"मग नवं दालन माझ्याकडे द्यायला अडचण काय आहे, बाई?"

सौमित्र धुरीने विचारले आणि नकाशाची गुंडाळी वाचनालयाच्या मेजावर ठेवली.

अनसूयाबाई बर्वे चष्मा पुसत राहिल्या. इमारती बांधण्यात आणि दुरुस्त करण्यात बाईंची चाळीस वर्षे गेली होती. सौमित्र त्यांच्या हाताखाली दोन वर्षे शिकत होता. या दोन वर्षांत त्याने कौले बदलून घेतली, वाळवी लागलेले वासे हेरले, चुन्याचा गिलावा कसा मुरवतात ते पाहिले. स्वतःची म्हणावी अशी एकही इमारत मात्र त्याच्या हातून उतरली नव्हती. खाडीकाठच्या या वाचनालयाला लागून, पूर्वेच्या बाजूस, आता नवे दालन व्हायचे होते. ते त्याला हवे होते.

बाईंची अट एकच होती. आधी जुन्या दालनाचा नकाशा काढून आण.

त्याने तो एका दिवसात आणला होता.

"जुन्या इमारतीत डोकं लागतं कुठे?" तो म्हणाला. "मोजायचं आणि डागडुजी करायची. खरं डिझाइन नव्यातच."

"असं कोण म्हणतं?"

"मी म्हणतो."

"बरं."

बाईंनी गुंडाळी उलगडली, चारही कोपऱ्यांवर जाडजूड शब्दकोश ठेवले आणि बराच वेळ पाहिले.

"छान आहे. कुठे बांधायची?"

"काय?"

"ही इमारत."

सौमित्रला हसू आले. "बाई, ही बांधलेलीच आहे. आपण हिच्यातच तर बसलोय."

"हिच्यात नाही."

पलीकडच्या मेजावर वर्तमानपत्रे लावत असलेले ग्रंथपाल शेट्ये थांबले.

"कर्ण किती आले?" बाईंनी विचारले.

"कर्ण कशाला मोजायचे? चारही भिंती लेझरने मोजल्यात. समोरासमोरच्या तंतोतंत सारख्या. चाळीस फूट, तीस फूट. कर्ण पन्नास. सातवीतली मुलंसुद्धा तोंडी सांगतील."

बाईंनी पिशवीतून जुनी कापडी टेप काढली. तिचे टोक अंगठ्याने कोपऱ्यात दाबून धरले आणि समोरच्या कोपऱ्याकडे बोट दाखवले.

"जा."

तो गेला. पन्नास फूट साडेपाच इंच.

बाई दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या. तो त्यांच्या समोरच्या कोपऱ्यात गेला. एकोणपन्नास फूट साडेसहा इंच.

त्याने दोन्ही पुन्हा मोजले. आकडे बदलले नाहीत.

"साहेब," शेट्ये म्हणाले, "त्या कोपऱ्यातलं कपाट पूर्वेच्या भिंतीला कधी लागलेलंच नाही. मागे मासिकं पडतात. बावीस वर्षं मी ती छत्रीच्या मुठीनं ओढून काढतोय. तुमच्या कागदावर ते नीट बसलं असेल ना?"

सौमित्रचे कान तापले. चूक कुठे झाली हे त्याला कळले होते. संगणकावर त्याने रेघ ओढली की ती आपोआप काटकोनात बसत असे. ती तशी बसली याचे त्याला समाधानच वाटले होते.

"गवंड्याने चूक केली," तो म्हणाला. "मी ती कागदावर सुधारली, इतकंच."

"चूक कशावरून?"

तो बाहेर गेला. पूर्वेच्या भिंतीशी उभा राहिला. गवत, शेट्यांची सायकल, मोकळी जागा. वाट नाही, विहीर नाही, कातळ नाही. भिंत कशासाठी वळली असेल, ते सांगणारे काहीही तिथे नव्हते.

तो परत आला.

"बाहेर काही नाही. त्या काळी असेल. एखादं झाड... एखादी पायवाट..."

"असेल."

"तुम्हाला माहीत आहे?"

"नाही."

"म्हणजे नसेलही."

"नसेलही."

"मग ती सरळ धरली तर बिघडलं कुठे?"

बाईंनी हात पुढे केला. क्षणभर तो घुटमळला. मग त्याने बॅगेतून दुसरा कागद काढला. नव्या दालनाचा नकाशा. कोणी सांगितलेले नसताना महिनाभर खपून त्याने तो तयार केला होता, आणि तो बाईंपासून लपून राहिला आहे असे त्याला वाटत होते.

बाईंनी पेन्सिल त्याच्या हातात दिली. त्याने जुन्या नकाशावर पूर्वेची भिंत नव्याने ओढली, या वेळी टेपवरच्या आकड्यांप्रमाणे. मग नवा कागद तिच्या कडेला आणून भिडवला. एका टोकाला तो टेकला. दुसऱ्या टोकाला फट राहिली. त्याने हिशेब केला. सात इंच.

"सातच इंच," तो पुटपुटला. "पुढे कपाट ठेवलं की झाकली जाईल."

"नका हो साहेब," शेट्ये म्हणाले. "म्हणजे आमची मासिकं दोन्हीकडून पडायची."

या वेळी सौमित्र हसला नाही. तो त्या फटीकडे पाहत राहिला. आपल्या कागदावरच्या चार देखण्या सरळ भिंती पाहत राहिला. मग त्याने तो कागद हळूच उचलला, गुंडाळला आणि बॅगेत ठेवला.

"समजलो," तो म्हणाला. "काम माझ्याकडे नाही."

बाई टेप गुंडाळत होत्या. कापडाला पीळ पडू न देता, फूटभर, मग आणखी फूटभर.

"नव्या दालनाची एक भिंत होऊन बसली आहे," त्या म्हणाल्या. "उरलेल्या तीन काढून आण."