मापावरची शीग

दिवस इतर दिवसांसारखाच उजाडला होता. वृद्ध आचार्य ओसरीवर बसून एका जुन्या पोथीची सुटलेली पाने लावत होते आणि त्यांचा शिष्य विश्राम अंगणात तूर वाळत घालत होता. नगरातून एक शिपाई आला, तांब्याभर पाणी प्याला आणि मग म्हणाला, "शाळांचे कारभारी पहाटे गेले."

राजाच्या खर्चाने चालणाऱ्या सगळ्या शाळांचा कारभार ज्यांच्याकडे होता, ते हे गृहस्थ आचार्यांचे पहिले शिष्य. आचार्यांनी हातातले पान त्याच्या जागी ठेवले.

"रात्री जेवला होता का?" एवढेच त्यांनी विचारले. शिपायाला ते ठाऊक नव्हते.

दिवसकार्य आटोपले आणि दरबाराने ती जागा विश्रामला देऊ केली. तो गेलेल्या कारभाऱ्यांच्या हाताखाली बरीच वर्षे शिकवत होता. कामाची त्याला माहिती होती आणि आवडही. होकार देण्यापूर्वी तो कारभाऱ्यांच्या पत्नीला, वहिनींना, भेटायला गेला. गोठा रिकामा दिसला.

"गाय कुठे, वहिनी?"

"वैद्यांकडे. औषधाचे राहिले होते ना. ह्यांना तिचंच दूध पाजा म्हणाले होते. आता ते स्वतः पितील."

त्या राज्यात वेतन धान्याने मिळे. शिक्षकाला प्रत्येक माप काठाशी सपाट करून, कारभाऱ्याला शिगेचे, म्हणजे काठाच्या वर रास चढवून दिलेले. मापेही कारभाऱ्याला जास्त. मग हे घर असे का, असे विश्रामने विचारले.

"अहो भाऊजी, दुष्काळात शिक्षकांचं माप पाऊण केलं, ते पाऊणच राहिलं," वहिनी म्हणाल्या. "कोणाची चूल अडली की ह्यांचं पोतं वाटेतच सुटायचं. मी एकदा म्हटलं, पोत्याला भोक पडलंय का हो? तर म्हणाले, पडलंय."

त्या हसल्या, आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या.

विश्राम तसाच आचार्यांकडे आला. बाहेर उभ्या उभ्याच म्हणाला, "गुरुजी, दरबारात कायदा येतोय. गेलेल्यांच्या हाती जेवढं उरत होतं, त्याहून अधिक कोणत्याही कारभाऱ्याला द्यायचं नाही. तसं ठरलं, तर मी हे काम घेणार नाही. शेजारच्या नगरातला सावकार मला दुपटीने बोलावतोय. माझ्याही घरात बायको आहे. तिला मी असं मागे टाकणार नाही."

"बरोबर बोलतोस," आचार्य म्हणाले. "मलाही दरबाराच्या सभेत मत द्यायला बोलावलंय. उद्या बरोबर चल. कोठारातलं शिक्षकांचं माप आणि एक पोतं ज्वारी तिथे मागवून ठेव."

सभेत दोन तट पडले होते. एक तट म्हणत होता, पैसा प्रजेचा आहे, मर्यादा हवीच. दुसऱ्याचे म्हणणे, मर्यादा घातली की हुशार माणूस सावकाराकडे जाईल आणि आपल्याकडे उरलेसुरले येतील. धान्याचे एक वृद्ध व्यापारी गहिवरून उठले. "अहो, काय माणूस होता! इतकी वर्षं कारभार केला, पण स्वतःसाठी कधी शब्द काढला नाही. असाच माणूस शोधा, म्हणजे कायदाही नको!"

"त्याने शब्द काढला नाही, हे तुमच्या सोयीचं झालं," आचार्य शांतपणे म्हणाले.

व्यापारी खाली बसले.

आचार्यांनी माप मधोमध ठेवायला सांगितले. कोठारी ज्वारी ओतू लागला आणि शिक्षकांना देतात तितकी, पाऊण मापाशी येऊन थांबला. मग आचार्य शिष्याकडे वळले. "विश्राम, आता ह्याच्यावर शीग चढव."

"गुरुजी, माप अजून भरलेलं नाही."

"चढव."

विश्रामने ओंजळ ओतली. ज्वारी मापाच्या पोटात दिसेनाशी झाली. मागच्या बाकांवर कोणीतरी हसले. "कारभारीबुवांची शीग गिळली की मापाने!" विश्रामचे कान तापले. त्याने आणखी ओतली. माप काठाशी आले, आणि त्यानंतरच मधोमध टेकडी उभी राहू लागली. ती टोकदार झाली.

"थांबू नकोस," आचार्य म्हणाले.

आता प्रत्येक ओंजळ टेकडीच्या अंगावरून घरंगळून जमिनीवर पसरू लागली. व्यापारी पुन्हा उठले. "आचार्य, धान्य सांडतंय! पायाखाली जातंय!"

"सांडू दे. शीग वाढली का?"

सगळ्यांनी पाहिले. टेकडी होती तेवढीच होती.

आचार्यांनी हाताने थांबायची खूण केली. "तुम्ही मला विचारलंत, कारभाऱ्याच्या वेतनाला मर्यादा असावी का. मर्यादा आहेच, ती तुम्हाला घालावी लागत नाही, ओळखावी लागते. माप रिकामं असेल तर शीग उभीच राहत नाही. माप भरलं की ती हक्काने उभी राहते, तेव्हा ती हाताने सपाट करून टाकणं हा कंजूषपणा आहे. आणि शिगेवर शीग ओतत गेलात, तर ते कारभाऱ्यालाही मिळत नाही आणि शाळेलाही नाही; पायाखाली जातं. म्हणून कायद्यात आकडा घालू नका. एवढंच लिहा, की शिक्षकांची मापं काठोकाठ भरल्याशिवाय कारभाऱ्याला शीग नाही, आणि भरली की त्याची शीग कोणी हातानं मोडायची नाही. मापाचं तोंड जेवढं रुंद, तेवढी मोठी शीग त्यावर राहते. ज्याला मोठी हवी, त्याने आधी शाळा वाढवून माप रुंद करावं."

विश्राम अजून मापाशीच बसला होता. त्याने हलक्या आवाजात विचारले, "आणि मापं भरेपर्यंत, गुरुजी?"

"तोवर तुला सपाट माप. कमी नाही आणि जास्तही नाही. पण तू तुझ्या पोत्यातलं वाटायचं नाहीस. दर महिन्याला इथे उभं राहून विचारायचं, मापं पाऊण का. ती भरणं ह्या सभेचं काम आहे, तुझ्या बायकोचं नव्हे." मग ते गेलेल्या शिष्याविषयी बोलू लागले. "त्याने वाटलं. विचारलं नाही. मीही त्याला विचार म्हणून सांगितलं नाही, कारण लोक त्याची स्तुती करत आणि ती मला गोड लागे."

विश्रामने त्यांच्याकडे पाहिले. बातमी आल्यापासून त्यांचे डोळे त्याने प्रथमच भरलेले पाहिले. आपण मनात एवढे दिवस वेतनाचा हिशेब करत होतो आणि हे एकटेच दुसरा काही हिशेब करत बसले होते, हे त्याला तेव्हा कळले. सावकाराला काय उत्तर द्यायचे तेही त्याच वेळी ठरले. तो उठून सभेपुढे उभा राहिला आणि म्हणाला, "मी काम घेतो. पहिला प्रश्न आजच विचारतो. मापं पाऊण का?"

कोणी हसले नाही. त्या सुगीपासून शिक्षकांची मापे थोडीथोडी वाढवत काठोकाठ भरण्याचे लिहून झाले. ती भरेपर्यंत पहिली दोन वर्षे विश्रामला शीग मिळाली नाही, तिसऱ्या वर्षी मिळाली, आणि ती त्याने संकोच न करता घरी नेली.

जे पद सगळ्यांच्या मुलांसाठी आहे, त्याचे मोल त्याच्या खाली काय भरले आहे ते पाहूनच ठरवावे.

गेलेल्या कारभाऱ्याच्या घरी दरबाराकडून काय जावे, हा विषय मात्र त्या सभेत निघाला नाही. तो काढायचा असे विश्रामच्या मनात होते. काढायचे राहून गेले.