पुढे निघून जाणारा ठिपका

एका टेकडीवरच्या प्रयोगशाळेत कुमुदिनी शेवाळे नावाची संशोधिका काम करत असे. जिवंत पेशीतलं प्रथिन डीएनएच्या लांबलचक धाग्यावर आपली नेमकी जागा कसं शोधतं, हे तिला पाहायचं होतं. त्याला ना डोळे, ना वाटाड्या. मग ते पोचतं कसं?

तिच्याबरोबर काम करणारी सोबतीण नोकरीसाठी परगावी गेली, तेव्हापासून सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत कुमुदिनी एकटीच उरली. आईचा फोन आला की आई विचारायची, "संपलं का गं तुझं काम?" आणि ती विषय बदलायची.

अडीच वर्षांनी चमकता रंग जोडलेल्या प्रथिनाचा ठिपका नीट दिसू लागला. तो धाग्याला चिकटे, थोडा घसरे, सुटे, तरंगत पुन्हा जवळच चिकटे. आपली जागा लागताच तो थांबेल, असं तिने आणि तिचे मार्गदर्शक गुंजाळ सर यांनी आधीच लिहून ठेवलं होतं. पण बहुतेक वेळा तो आपल्याच जागेवरून खुशाल पुढे निघून जाई.

हे काम जिथे मांडायचं होतं ती संशोधकांची परिषद तोंडावर आली होती. सर म्हणाले, "थांबला तेवढीच चित्रं ठेव. बाकीची यंत्राची चूक समज. सुटशील एकदाची."

सुटका तिलाही हवीच होती. पण पुढच्या दोन दिवसांत तिने यंत्र तीनदा तपासलं. यंत्रात खोट नव्हती.

"सर, तो पुढे जाताना मी पाहिलाय," ती म्हणाली. "पाहिलं नाही असं कसं लिहू?"

सरांनी परिषदेच्या यादीतून तिचं नाव काढलं. प्रयोगशाळेतले बाकी सगळे परिषदेला गेले. रिकाम्या इमारतीत बसून तिने एकूण एक चित्र पुन्हा पाहिलं, तेव्हा कुठे उलगडा झाला. प्रथिन जागा ओलांडतं, पण फार लांब जात नाही. घसरत, सुटत, चिकटत ते पुन्हा पुन्हा तिथूनच जातं आणि एखाद्या खेपेला घट्ट बसतं. ओलांडून जाणं हाही शोधाचाच भाग होता.

सरांनी तिची मांडणी चित्रांशी ताडून वाचली आणि सही केली. शोधनिबंध छापून आला. काही महिन्यांनी एका अनोळखी वृद्ध संशोधकाचं पत्र आलं. त्यांनी लिहिलं होतं, "आम्हालाही हेच दिसलं होतं. चूक समजून आम्ही टाकून दिलं."

कुमुदिनीने पत्र दोनदा वाचलं. दाखवायला शेजारी कोणी नव्हतं. ती उत्तर लिहायला बसली.

तात्पर्य: सोयीचं तेवढंच पाहणाऱ्याला सोबत लवकर मिळते, जे आहे ते सगळं पाहणाऱ्याला सत्य मिळतं, मात्र त्यासाठी काही काळ एकटं राहावं लागतं.