सोमशेटची दर्यापारची खोली

एका बंदराच्या गावात सोमशेट नावाचा सुपारीचा व्यापारी राहत होता. माणूस मोठा हिशेबी. सुपारी फोडून, चावून बघितल्याशिवाय भाव ठरवायचा नाही. पण हिशेबी माणसालाही एखादं वेड असतंच, आणि सोमशेटला वेड होतं बायकोची एक इच्छा पुरी करण्याचं.

बायकोचं नाव भागीरथी. लहानपणापासून ती किनाऱ्यावर उभी राहून जहाजं बघत आली होती. शिडं लहान लहान होत जायची आणि मग दिसेनाशी व्हायची. लग्नानंतर एकदा ती नवऱ्याला म्हणाली, "जाणारी जहाजं फार बघितली हो. ती पोचतात कुठे, ते एकदा बघायचंय."

पुढे व्यापाराच्या निमित्ताने सोमशेट दूरदेशीच्या एका बंदरात गेला. तिथे टेकडीवर एक उंच इमारत होती. तिच्यातली एकेक खोली एकेका मालकाची. अगदी वरच्या मजल्यावरची एक खोली विकायची होती. सोमशेटने तिची खिडकी उघडली, तर खाली देशोदेशीची जहाजं शिडं उतरवत धक्क्याला लागत होती. त्याचा ऊर भरून आला. भागीला इथे आणून बसवायचं, एवढंच त्याच्या मनात आलं. त्याने भरपूर घासाघीस केली आणि खोली घेऊन टाकली.

फक्त एक गोष्ट विचारायची राहिली. सुपारी एकदा विकत घेतली की ती काही दर महिन्याला खायला मागत नाही. खोलीचंही तसंच असणार, असं हा सुपारीवाला धरून चालला. व्यवहार पुरा झाल्यावर इमारतीचा राखणदार अदबीने म्हणाला, "शेट, दरमहाची वर्गणी तेवढी पाठवत जा. जिन्यातला दिवा, पाणी, झाडलोट, छपराची डागडुजी, सगळं तिच्यावर चालतं."

"पण मी तर इथे राहणार नाही!"

"दिव्याला ते कुठे कळतं, शेट? तो जळतोच."

हल्ली शहरात लोक ज्याला मेंटेनन्स म्हणून कपाळाला हात लावतात, तेच हे. सोमशेटनेही लावला. पण खोली आता त्याची झाली होती.

गावात मात्र त्याचा भाव वधारला. "शेटची दर्यापार खोली आहे," असं लोक पाहुण्यांना सांगू लागले. शेटला ते गोड वाटे. इकडे दर महिन्याला वर्गणी जात राहिली. कधी छप्पर गळे, कधी टाकी फुटे, की वर्गणी वाढे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! वर्गणी भरायची तर पेढी उघडी ठेवायला हवी, आणि पेढी उघडी ठेवायची तर खोलीवर जायचं कधी?

नारळी पौर्णिमा झाली, दर्या निवळला, की भागीरथी विचारायची, "या वर्षी जायचं ना?"

"या वर्षी जरा ओढाताण आहे गं. पुढच्या वर्षी नक्की."

तो खोटं बोलत नव्हता. पेढीवर सुपारी निवडता निवडता तो मनातल्या मनात ती खिडकी उघडायचा, भागीला तिथे बसवायचा, आणि त्याचा हात तसाच थांबायचा. गिऱ्हाईकाला दोनदा हाक मारावी लागे. त्या खिडकीसाठी त्याचा जीव खरोखर तुटत होता.

एका वर्षी भागीरथी म्हणाली, "अहो, विकून टाका ती खोली. तिथल्या धर्मशाळेत चार दिवस उतरू. मला खोली नकोय, जहाजं बघायचीयत."

सोमशेटला ते लागलं. "स्वतःची खोली असताना धर्मशाळेत? लोक तोंडात शेण घालतील!"

भागीरथी उठून आपल्या कामाला लागली. त्यानंतर तिने कधी विचारलं नाही. तिची हौस ओसरली, असं शेटला वाटलं. शहाणी माणसंसुद्धा कधीकधी इतकी खुळी असतात.

बरीच वर्षं गेली. पुतण्या हाताशी आला, पेढी सांभाळू लागला. सोमशेटने एकदाची गलबतावर दोन माणसांची जागा धरली. दोघांचेही केस पिकले होते, पण गलबतावर भागीरथी पोरीसारखी कठड्याशी उभी राहिली.

इमारत अजून नव्यासारखी होती. भिंती रंगवलेल्या, जिना घासून लख्ख. भागीरथी पाच-सहा पायऱ्या चढली आणि मटकन खाली बसली. गुडघे धरून म्हणाली, "माझ्याच्यानं नाही हो व्हायचं. तुम्ही जा. बघून या आणि मला सांगा."

इतकी वर्षं जिन्याची डागडुजी दरमहा झाली होती. भागीच्या गुडघ्यांकडे कुणी बघितलं नव्हतं.

सोमशेट एकटाच वर गेला. खिडकी उघडली. संध्याकाळचं ऊन पाण्यावर पडलं होतं आणि जहाजांमागून जहाजं आत येत होती. खालून हाक आली, "दिसतंय का हो?"  डोळे पुसून तो खाली आला.

"धुकं आहे गं. काहीच दिसत नाही."

भागीरथीने त्याच्या तोंडाकडे बघितलं. "मग चला, जरा धक्क्यावर जाऊन बसू. उतार आहे, तेवढं मी चालेन."

दोघं हळूहळू धक्क्यावर गेली आणि एका दगडावर टेकली. समोर एक जहाज येऊन लागत होतं. माणसं हात हलवत होती, दोर फेकले जात होते. त्याच्या मागे दुसरं, त्याच्या मागे तिसरं. इथे ना जिना होता, ना वर्गणी. ही जागा तर पहिल्या वर्षीही इथेच होती, हे शेटला कळलं आणि त्याने मान खाली घातली.

भागीरथीने त्याचा हात हातात घेतला. जहाजांवरची नजर न काढता ती म्हणाली, "धुकं लवकर विरलं हो."

तात्पर्य: वस्तू घेण्याआधी ती राखायला काय पडेल ते विचारावं, आणि ज्या सुखासाठी ती घ्यायची, ते सुख मालकीच्या मोठेपणापायी पुढच्या वर्षावर ढकलू नये.