बोरमाळेला रामराम

कुरणवाडी नावाच्या गावात केरबा नावाचा एक भोळा गडी राहायचा. भोळा म्हणजे वेडा नव्हे, आळशी तर मुळीच नव्हे. उलट सांगितलेलं काम तो जसंच्या तसं करायचा, आणि सगळा घोळ तिथंच व्हायचा. एकदा बसमध्ये कंडक्टर त्याला म्हणाला, "पुढं सरका." केरबा पुढं सरकला. सरकत सरकत पुढच्या दारातून खाली उतरला आणि रस्त्यानं आणखी पुढं सरकत राहिला. बस निघून गेली. घरी पोचायला त्याला संध्याकाळ झाली. बायकोनं विचारलं तर म्हणाला, "थांब म्हणून त्यानं सांगितलंच न्हाई."

बायकोचं नाव हौसा. ती हुशार होती आणि तिचा नवऱ्यावर जीवही होता. दोन्ही एकदम असलं की बाईला फार सोसावं लागतं.

तर त्या उन्हाळ्यात हौसाची बोरमाळ हरवली. रानात भुईमूग काढायचं काम चाललं होतं. हौसा सकाळी बोरमाळ घालून गेली आणि दुपारी मोकळ्या गळ्यानं परत आली. काम करताना माळ वेलात अडकते म्हणून तिनं ती काढून पदराच्या गाठीला बांधली होती, एवढं तिला आठवत होतं. पुढचं काही आठवत नव्हतं. त्या दिवशी शेजारच्यांची म्हैस रानात शिरली, तिच्यामागं धावण्यात अर्धा दिवस गेला. गाठ कधी सुटली, माळ कुठं गेली, काही पत्ता नाही.

बोरमाळ साधी नव्हती. हौसाच्या आजीची, मग आईची, मग हौसाची. तिच्या लग्नात आईनं स्वतःच्या गळ्यातली काढून तिच्या गळ्यात घातली होती. आणि आता सहा दिवसांवर हौसाच्या भावाचं, मारुतीचं लग्न आलं होतं. हौसा करवली. नवऱ्यामुलाच्या मागं करा धरून उभं राहायचं, तर त्या घरची लेक ही माळ घालूनच उभी राहायची, अशी तिच्या माहेरची रीत. हौसा दोनदा जाऊन सगळं रान पालथं घालून आली. मग चुलीपुढं बसली आणि रडली. आईला काय सांगायचं, हे एकच तिच्या डोक्यात होतं. केरबाला तिचं रडणं बघवेना. पण काय करायचं ते कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तो नुसता बसून राहिला.

शेवटी हौसानं तालुक्याहून इस्माईलचाचांना बोलावून घेतलं. चाचांकडं जमिनीतलं धातूचं डबोलं, दागिना हुडकायचं यंत्र होतं. लांब दांडा, खाली झाऱ्यासारखी गोल चकती. धातूजवळ नेलं की ते टिवटिव करायचं. चाचांना त्याच दिवशी दुसऱ्या गावाला जायचं होतं. ते म्हणाले, "यंत्र ठेवून जातो. चार दिवसांनी नेईन. केरबा, सोपं काम आहे. यंत्र वाजलं की खणायचं. जास्त डोकं चालवायचं नाही."

केरबानं मान हलवली. डोकं न चालवायचं काम त्याला जमण्यासारखं होतं.

हौसा पाण्याला गेली. केरबानं यंत्र हातात घेतलं, कुदळ खांद्यावर टाकली आणि रानाकडं निघाला. दारातून पाऊल बाहेर टाकतोय तोच यंत्र वाजलं. उंबऱ्यावर घोड्याचा नाल ठोकलेला होता, त्याच्यावर वाजलं. केरबा थांबला. चाचांचं बोलणं आठवलं. कुदळ उचलली.

हौसा घागर घेऊन आली तर दाराला उंबरा नव्हता. जिथं उंबरा होता तिथं गुडघाभर खड्डा, आणि शेजारच्या कोंबड्या खुशाल आत-बाहेर करत होत्या.

"अवं, ह्ये काय केलंसा?"

"वाजलं," केरबा म्हणाला.

हौसानं घागर खाली ठेवली. कपाळावर हात मारून घ्यायला हात मोकळा लागतो.

"वाजलं म्हनून काय लगेच खणायचं? आदी इचारायचं, ह्ये कुणाचं? मगच कुदळ उचलायची. ध्यानात ऱ्हाईल का?"

"ऱ्हाईल की," केरबा म्हणाला. आणि खरंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी तो रानात गेला. बांधापासून चार पावलांवर यंत्र वाजलं. केरबा उकिडवा बसला आणि मातीला म्हणाला, "ह्ये कुणाचं?"

माती काही बोलली नाही. केरबा थांबला. घाई बरी नव्हे. थोड्या वेळानं जरा मोठ्यानं विचारलं. मग त्याला वाटलं, म्हातारं कुणीतरी असेल, ऐकायला येत नसेल. म्हणून जमिनीला तोंड लावून ओरडला. दुपार झाली. भाकरी खाल्ली. जेवताना उत्तर आलं तर चुकायला नको म्हणून एक कान जमिनीला लावून खाल्ली. दिवस मावळायला घरी आला तेव्हा त्याचा अर्धा चेहरा मातीनं भरला होता.

"मिळाली?" हौसा धावत पुढं आली.

"अजून कळंना. कोण कबूलच व्हईना."

हौसानं सगळं ऐकून घेतलं. आतून डोळे पुसून आली. मग शांतपणे म्हणाली, "मातीला काय इचारताय? मातीला वाचा असती व्हय? माणसाला इचारायचं. म्होरं माणूस दिसला, की त्येला."

तिसऱ्या दिवशी रानाच्या वाटेवर त्याला आप्पा चौगुले भेटले. आप्पा म्हणजे गावातले जुने तालीमबाज. मागच्या वर्षी मोटरसायकलवरून पडले, तेव्हापासून त्यांच्या मांडीत डॉक्टरांनी घातलेली सळई होती. काठी टेकत, दर दहा पावलांना थांबत चालायचे. ते जवळ आले आणि यंत्र टिवटिवलं. केरबानं चकती इकडं नेली, तिकडं नेली. वाजत होता तो आप्पांचा डावा पाय.

समोर माणूस होता. विचारायला हरकत नव्हती.

"आप्पा, ह्यो कुणाचा?"

"काय कुणाचा?"

"ह्यो पाय."

"माजाच की! आनी कुणाचा असंल?"

केरबानं समाधानानं मान हलवली. विचारून झालं होतं. त्यानं कुदळ खांद्यावरून उतरवली, हातावर थुंकला आणि अदबीनं म्हणाला, "मग जरा टेका बांदाला. खणून बगतो."

गेले आठ महिने काठीवाचून न उठणारे आप्पा काठी तिथंच टाकून पळाले. ते थेट केरबाच्या दारात पोचले. उंबरा नसल्यामुळं अडखळायचाही प्रश्न आला नाही. आत जाऊन त्यांनी हौसाला जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. एवढं मात्र खरं, की डॉक्टरांना जमलं नाही ते केरबानं एका वाक्यात केलं.

हौसानं आप्पांना चहा पाजला, पाया पडली, काठी मागवून घेतली. केरबा आल्यावर त्याला समोर बसवलं आणि लहान मुलाला सांगावं तसं एकेक शब्द मोकळा करून सांगितलं.

"नीट ऐका. माणसाच्या अंगावर काय बी असू दे, त्ये त्येचं असतंय. तिथं यंत्र वाजू दे न्हाईतर नाचू दे, आपण हात लावायचा न्हाई. रामराम घालायचा आन् म्होरं जायचं. काय करायचं?"

"रामराम घालायचा."

"आन् हात?"

"लावायचा न्हाई."

चौथा दिवस शेवटचा होता. संध्याकाळी चाचा यंत्र न्यायला येणार होते. हौसानं त्या दिवशी देवापुढं साखर ठेवली. केरबा पहाटेच रानात गेला आणि खरं सांगायचं तर फार मनापासून राबला. ओळ सोडली नाही, वाफा सोडला नाही. दोन खिळे, सोड्याच्या बाटलीचं एक टोपण आणि अर्धा विळा एवढं त्याला सापडलं. बोरमाळ नाही. ऊन डोक्यावर आलं. हौसाचं तोंड त्याच्या डोळ्यांपुढं आलं आणि भर रानात त्याला हुंदका फुटला. डोळे पुसून त्यानं यंत्र खांद्यावर टाकलं आणि घराची वाट धरली.

वाटेत, रानाच्या मधोमध, बुजगावणं उभं होतं. कावळे शेंगा उकरतात म्हणून हौसानंच ते उभं केलं होतं. कळकाची काठी, आडवे हात, चुन्यानं रंगवलेलं मडक्याचं डोकं आणि अंगात केरबाचा जुना निळा सदरा. केरबा शेजारून निघाला आणि खांद्यावरचं यंत्र असं किंचाळलं, जसं चार दिवसांत कधी किंचाळलं नव्हतं.

केरबानं वर पाहिलं. सदऱ्याच्या उघड्या गळ्यातून सोन्याचे मणी चमकत होते. एक पदर, बोराएवढाले मणी, मधे लाल गोंडा.

"आयला," केरबा मनात म्हणाला, "ही तर हौसाचीच माळ." त्याचा हात पुढं गेला. आणि जागच्या जागी थांबला. बायकोचे शब्द कानात होते. माणसाच्या अंगावरचं ते त्याचं.

केरबानं हात मागं घेतला. दोन्ही हात जोडले.

"रामराम पावनं," तो म्हणाला, आणि पुढं गेला.

घरी हौसा वाट बघत उभी होती. "वाजलं का कुटं?"

"वाजलं."

"मग?"

"माणसाच्या अंगावर वाजलं. रामराम घातला न् आलो."

हौसाला वाटलं, परत आप्पा भेटले असणार. हात लावला नाही ना, एवढंच तिनं विचारलं. केरबा म्हणाला, "बोट बी न्हाई." बरं म्हणून ती भिंतीला टेकून बसली. आणखी विचारायचं त्राण तिच्यात नव्हतं. संध्याकाळी चाचा येऊन यंत्र घेऊन गेले.

लग्नाच्या दिवशी भर मे महिन्यात हौसा गळ्याभोवती पदर गच्च गुंडाळून मांडवात आली. सगळ्या बायका पदरानं वारा घेत होत्या, आणि हिचा पदर हलायला तयार नाही. आईच्या नजरेतून ते सुटणार थोडंच.

"हौसे, उकडत न्हाई व्हय तुला? आन् बोरमाळ कुटं हाय?"

हौसानं पदर आणखी गच्च धरला. डोळे भरून आले. केरबा शेजारीच उभा होता. बायको अडचणीत आहे आणि उत्तर आपल्याला ठाऊक आहे, असं त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. तो खाकरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"मामी, ती एका माणसाच्या गळ्यात हाय."

सनईवाला थांबला. बायकांचे वारे थांबले.

"कुटल्या माणसाच्या?" सासूबाईंनी विचारलं.

"आमच्या रानात उभा असतोय त्यो. हौसानंच आणून ठेवलाय. माजा निळा सदरा घालतोय."

"तुमचा सदरा? त्येला कुणी दिला?"

"हौसानं."

"आन् तुमी बगितलंसा? सोताच्या डोळ्यांनी?"

"बगितलं की."

"मग काय केलंसा?"

"रामराम घातला," केरबा म्हणाला.

मारुती मुंडावळ्यांसकट पाटावरून उठला. "दाजी, नाव सांगा त्येचं! हौसाआक्का ऱ्हाऊ दे, तुमी सांगा!"

"नाव न्हाई ठावं. बोलतच न्हाई त्यो. तोंड निस्तं मडक्यागत करून उभा असतोय."

तेव्हा हौसाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्या दिवशी पदरात शेंगा घ्यायच्या म्हणून पदर मोकळा हवा होता. तिनं गाठ सोडली, घटकाभर म्हणून माळ बुजगावण्याच्या गळ्यात अडकवली, आणि तेवढ्यात म्हैस शिरली. नंतर दोनदा रान धुंडाळलं, पण खाली मान घालून. वर बघायचं तिला सुचलंच नाही.

"बुजगावणं गं आई, बुजगावणं!" म्हणून ती मटकन खाली बसली. एकाच वेळी हसायला आणि रडायला लागली. कळलं तसा सगळा मांडव हसला. सासूबाई तर कोपऱ्यात तोंडाला पदर लावून हलत होत्या.

मुहूर्ताला अजून तासभर होता. दारात टेम्पो होता. करवलीला मांडव सोडता येत नव्हता, आणि तिच्याशिवाय रान केरबालाच ठाऊक होतं. हौसानं त्याचे दोन्ही हात धरले. या वेळी तिला कुठं म्हणून फट ठेवायची नव्हती.

"खणू नका. इचारू नका. रामराम घालू नका. बोरमाळ घिऊन या."

"खणायचं न्हाई, इचारायचं न्हाई, रामराम न्हाई," केरबानं बोटं दुमडून मोजलं आणि टेम्पोत बसला.

मंगलाष्टकं सुरू झाली. पहिलं झालं, दुसरं झालं. करवली मोकळ्या गळ्यानं करा धरून उभी होती, तिची नजर रस्त्याला लागली होती. शेवटचं कडवं आलं आणि टेम्पो वाजला. भटजी "सावधान" म्हणायला आणि केरबा मांडवात शिरायला एकच गाठ पडली. लोकांनी टाकलेल्या निम्म्या अक्षता नवरानवरीवर पडल्या आणि निम्म्या बुजगावण्यावर.

कळकाच्या काठीला धरून केरबानं त्याला उभंच्या उभं आणलं होतं. मडकं, सदरा, पसरलेले हात आणि गळ्यात बोरमाळ.

"अवं, ह्येला कशाला आणलंसा?" हौसा कळवळली.

"माळ आणायची हुती. आन् अंगावरच्याला हात लावायचा न्हाई, ह्ये तू कुटं मागं घेतलंस?" केरबा घामानं निथळत म्हणाला. "मग काय करू? माणूसच घिऊन आलो."

सासूबाई पुढं झाल्या. त्यांनी बुजगावण्याच्या गळ्यातली माळ काढली आणि दुसऱ्यांदा लेकीच्या गळ्यात घातली. मग तिच्या गालावरून हात फिरवला. हौसानं पदर मोकळा सोडला.

मग पंगत बसली. वाढपी बुंदी घेऊन निघाले तर पुरुषांच्या ओळीत एक पान जास्त मांडलेलं. पानापुढं बुजगावणं भिंतीला टेकून उभं होतं, आणि शेजारी बसून केरबा त्याच्या पानात दोन लाडू ठेवत होता.

"जावईबापू, आता ह्यो का जेवतोय व्हय?" सासूबाईंनी विचारलं.

केरबा आजूबाजूला बघून हळूच म्हणाला, "मामी, बिनबोलवता आणलाय त्येला. त्यात समद्यांसमोर गळ्यातलं काढून घेतलंसा. आता निदान उपाशी तरी नगा लावून दिऊ."