पिवळ्या ठिपक्याचे नट

"...तर मग माझ्यात कमी काय हाय, तेवढं सांगा."

संग्राम पिसाळ हे उभ्यानं विचारत होता. त्याचे उस्ताद दस्तगीर मुल्ला उकिडवे बसून एका चेनला तेल देत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"डॉक्टरांची गाडी आलीया. आधी ती बघ," ते म्हणाले.

डॉक्टर म्हणजे मी. खरं तर मी जनावरांच्या दवाखान्यातला, मलमपट्टी करणारा साधा ड्रेसर. दस्तगीरभाईंनी एकदा डॉक्टर म्हटलं, आणि ते दुरुस्त करायचं माझ्याच्यानं झालं नाही.

गाडी आली होती म्हणणंही तितकंसं खरं नव्हतं. ती मोटारसायकल मी ढकलत आणली होती, आणि महिन्याभरात तिसऱ्यांदा.

मोरदरीच्या घाटाला लागलं की तिचं इंजिन तापायचं. ॲक्सिलेटर सोडला तरी रेस खाली यायची नाही, आणि चढावर जोर लावला की दोनदा खोकून बंद. त्या दिवशी माझ्या पाठीला लशीची पेटी होती. वर वस्तीवर लोक सकाळपासून गाईम्हशी बांधून वाट बघत बसले होते. पेटीतला बर्फ घाटातच विरघळला आणि चाळीस जनावरांची लस वाया गेली. माझं डोकं सणकलं होतं.

पण त्या दोघांचं वेगळंच चाललं होतं.

दस्तगीरभाईंच्या हाताखाली शिकलेला मेकॅनिक त्यांनी 'जा' म्हटल्याशिवाय स्वतःचं गॅरेज काढत नाही. ही पद्धत त्यांच्या उस्तादापासून चालत आलेली. कोणी न विचारता गेलाच, तर आमच्या कोरेगावात त्याच्याकडे सायकलही कोणी नेत नाही. संग्रामला सहा वर्षं झाली होती. त्यानं बायपासला जागा बघून ठेवली होती, नावाची पाटीसुद्धा रंगवून आणली होती. ती दोन महिने घरात भिंतीकडे तोंड करून उभी होती.

तो विचारायचा. दस्तगीरभाई काहीतरी दुसरंच बोलायचे.

"कार्बोरेटर खोल," ते आत्ताही म्हणाले.

"तीनदा खोललाय."

"चौथ्यांदा खोल."

संग्राम हसला. त्या हसण्यात आदर अजिबात नव्हता.

हात मात्र मानायला हवा त्याचा. पाच मिनिटांत कार्बोरेटर खाली. वर्तमानपत्र अंथरून त्यानं एकेक भाग ओळीनं मांडला. फ्लोट, सुई, पेट्रोल सोडणारे बारीक भोकांचे दोन्ही जेट, स्क्रू. प्रत्येक जेट उजेडाकडे धरून त्यानं त्यातून पाहिलं, हवा मारली आणि उस्तादांसमोर धरला.

"हाय कुठं घाण?"

"न्हाई."

"फ्लोटची पातळी?"

"बरोबर हाय."

"मग?"

"बसव."

त्यानं बसवला, किक मारली. इंजिन सुरू झालं आणि थोडं तापताच पुन्हा तेच. रेस आपोआप वर, मग खाली, मग पुन्हा वर.

"परत खोल," दस्तगीरभाई म्हणाले.

संग्रामनं स्क्रूड्रायव्हर पत्र्याच्या टेबलावर आपटला.

"न्हाई खोलणार. माझ्या हातचं काम हाय त्ये. त्यात खोट न्हाई."

मला वाटलं, आता म्हातारा चिडणार. दस्तगीरभाई उठले, गुडघ्यावर हात ठेवून दमादमानं. त्यांनी फिल्टरकडून येणारा रबरी पाइप काढला. कार्बोरेटरचं तोंड उघडं पडलं. इंजिन चालूच होतं.

मग त्यांनी आपला तळहात त्या तोंडावर घट्ट दाबला.

एवढं मलाही कळतं की हवा कोंडली की इंजिन मरायला पाहिजे.

ते मेलं नाही. उलट मघाचा आचका गेला आणि ते बराच वेळ एका लयीत चालत राहिलं. दस्तगीरभाई तळहात तसाच दाबून संग्रामकडे बघत होते.

"काय कळलं? सांग."

"हवा दुसरीकडनं शिरतीया," संग्राम म्हणाला.

"कुठनं?"

संग्रामची नजर कार्बोरेटरमागच्या आखूड नळीकडे गेली.

इथं मला एक सांगितलं पाहिजे. जे नट दस्तगीरभाई स्वतः आवळतात, त्यांवर ते पिवळ्या ऑइलपेंटचा ठिपका देतात. त्या ठिपक्याला दुसऱ्या कोणी पाना लावायचा नाही. असं कुठं लिहिलेलं नाही, पण या गॅरेजात माणूस पहिल्या दिवशी शिकतो ते हेच. कार्बोरेटरमधून हवा आणि पेट्रोल एका आखूड नळीनं इंजिनात जातं, आणि ती नळी दोन नटांनी इंजिनाला जोडलेली असते. माझ्या गाडीचं इंजिन दिवाळीत दस्तगीरभाईंनी स्वतः बांधलं होतं. त्या दोन्ही नटांवर पिवळा ठिपका होता.

"तुमच्या नटांपासनं," संग्राम शेवटी म्हणाला.

"कधी कळलं? आत्ता?"

"न्हाई. मागच्याच्या मागच्या वेळी. हवा जास्त हुन प्लग पांढरा पडलावता. तवाच."

"मग जेट का बदलत बसलास?"

"तुमच्या हातचं चुकलंय, असं कसं म्हणू?"

ते ऐकून माझा मात्र तोल सुटला. मी त्याला म्हटलं, अरे, तुला ठाऊक होतं आणि तरी मला दोनदा घाटात पाठवलंस? चाळीस जनावरांचं काय? वर वाट बघत बसलेल्या माणसांना मी काय तोंड दाखवू? मी बराच वेळ बोललो. त्यातलं सगळं काही इथं लिहिण्यासारखं नाही.

संग्रामनं ते सगळं खाली मान घालून ऐकून घेतलं. सहा वर्षांत त्याची मान खाली मी पहिल्यांदाच पाहत होतो.

मग त्यानं इंजिन बंद केलं आणि दहाचा पाना उचलला.

"पाना खाली ठेव," दस्तगीरभाई म्हणाले.

"खोलतो."

"माझा ठिपका हाय त्यावर."

"मग तुमी खोला."

"मी न्हाई खोलणार."

"मग गाडी नीट कशी हुणार?"

"मोठा जेट टाक. चालंल तशी."

संग्राम त्यांच्याकडे बघतच राहिला. मीही. दस्तगीरभाई असं काही बोलतील, हे मी स्वतः ऐकलं नसतं तर खरं मानलं नसतं. मोठ्या जेटनं पेट्रोल जास्त जातं आणि खोड नुसती झाकली जाते, हे याच माणसानं या गॅरेजात शंभरदा सांगितलेलं. त्यांच्या मानेची शीर तट्ट फुगली होती, आणि ते नाटक होतं की खरा राग, हे मला आजही सांगता येत नाही.

"न्हाई चालणार," संग्राम म्हणाला.

"संग्राम."

"ठिपका तुमचा हाय, उस्ताद. गाडी त्यांची हाय."

"हात लावलास तर..."

"तर हाकला मला. नका म्हणू 'जा' जलमभर. पाटी चुलीत घालतो." त्यानं गाडीच्या टाकीवर हात ठेवला. "ही गाडी मात्र अशी इथनं जाणार न्हाई."

त्यानं पाना लावला. पहिला नट कुरकुरला आणि पिवळा रंग चिरला. त्याचा टवका खाली पडला.

दुसरा नट सहज सुटला. त्यानं कार्बोरेटरसकट नळी ओढून काढली.

नळीच्या तोंडाशी एका खाचेत काळी रबरी रिंग बसवलेली असते. तिच्यामुळं बाहेरची हवा आत शिरत नाही. ती रिंग एका बाजूला खाचेबाहेर येऊन चेपली होती. चेपल्या जागी ती तुटली होती, आणि तिथं धातूवर धुळीची बारीक रेघ उमटली होती. आत शिरणारी हवा तीच वाट धरत होती.

संग्रामनं ती काढून उस्तादांच्या तळहातावर ठेवली.

दस्तगीरभाईंनी ती दोन बोटांत धरून फिरवली. चष्मा कपाळावर सरकवून जवळून पाहिली. त्यांचा अंगठा थरथरत होता. तो वर्षभर थरथरतोय, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं.

"बसवतानाच चेपलीया," ते म्हणाले. "माझ्याच हातानं."

एवढंच. सबब सांगितली नाही, आणि संग्रामला शाबासकीही दिली नाही. ते परत चेनपाशी जाऊन बसले.

संग्रामनं दोन्ही तोंडं पुसली, सपाट पट्टी धरून तपासली. नवी रिंग खाचेत बसवून बोटानं सगळीकडून दाबून पाहिली. नट एकदम न आवळता आलटून पालटून आवळले, थोडा हा, थोडा तो. मागं बदललेला जेट काढून मूळचा परत घातला. किक मारली.

इंजिन तापू दिलं, चांगलं दहा मिनिटं. रेस दिली, सोडली. ती जागच्या जागी खाली आली. मग त्यानं कार्बोरेटरच्या उघड्या तोंडावर आपला तळहात दाबला.

इंजिन गचकलं आणि तिथल्या तिथं मेलं.

गाडी बंद पडल्याचा इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता. मी त्याच्यावर मघाशी ओरडलो होतो ते विसरून त्याच्या पाठीवर थाप मारली. त्याचं लक्ष माझ्याकडे नव्हतं.

तो हात पुसत उस्तादांसमोर जाऊन उभा राहिला. मघाचा ताठा पार उतरला होता. इतके दिवस विचारलेला प्रश्न त्यानं पुन्हा विचारला, पण आज तो विचारताना त्याला भीती वाटत होती. मला ती स्पष्ट दिसली.

"उस्ताद... आता जाऊ का?"

दस्तगीरभाई चेन फिरवत होते. एक कडी, दुसरी कडी... तेलाचा थेंब प्रत्येक कडीवर.

"नट खोलताना मला इचारलं होतंस? मग जायला कशाला इचारतोस?"