अंधाऱ्या कपारीतला गुलाबी मासा

एका राज्यात राजापेक्षा वर कोणाचेही डोके असू नये, असा रिवाज होता. राजा वज्रबाहू सिंहासनावर बसला की प्रधान धुंडिराज जमिनीवर आडवा होई. राज्यकारभार बराचसा झोपूनच चाले.

एके दिवशी एक मांत्रिक दरबारात उभाच राहिला. राजाने त्याला हाकलले. जाताना त्याने राजकन्या शर्वाणीचा मासा केला आणि खोल समुद्रात धाडला. गुलाबी अंग, पिवळे पट्टे, जांभळे कल्ले. दरबार पडल्या पडल्याच थिजला.

खिडकीत बसलेला कुरव नावाचा समुद्रपक्षी म्हणाला, "ऊन पोचता पोचता विझते, तिथे काळ्या पोवळ्यांच्या कड्यात ती आहे. पौर्णिमेच्या आत बापाचा हात लागला तर सुटेल. नाहीतर कायमची मासा."

"वर आणा तिला!" राजा ओरडला.

कोळ्यांनी गळ टाकून मासा झरझर ओढला. वर आला तेव्हा डोळे बाहेर, पोट फुगून तोंडात आलेले.

"ही आपली कन्या नव्हे," कुरव म्हणाला, "तिची शेजारीण. खोलातला जीव एकदम वर ओढला की आतला वारा फुगतो."

मग काचेचा हंडा खोल पाण्यात सोडला आणि त्यात मासा धरून सावकाश ओढला. मासा जिवंत आला, पण उन्हाने आंधळा होऊन काचेवर डोके आपटू लागला. राजानेच ओरडून तो परत सोडायला लावला.

"हीही नव्हे," कुरव म्हणाला. "पण कन्येची हीच गत होईल. आता आपणच उतरावे."

धुंडिराज किंचाळला, "महाराज खाली आणि बकऱ्या वर? कोंबड्या वर?"

राजा कुरवाकडे वळला. "ती घाबरली असेल का रे?"

"बोलणे विसरू लागली आहे."

राजाने कुरवाने दिलेले पीस दातांत धरले, त्याने पाण्यात श्वास चालतो, आणि तो उतरला. निळे पाणी काळसर झाले. कड्यावर रांजणाएवढे स्पंज होते. कपारीत शेकडो मासे होते, आणि त्या उजेडात गुलाबी रंगही राखेसारखा दिसे. डोळ्यांवरून लेक ओळखावी, तर राजाला धक्काच बसला: तिचे डोळे त्याने कधी पाहिलेच नव्हते. दरबारात ती कायम वाकलेली. त्याला ठाऊक होता फक्त तिचा भांग.

तो सगळ्या माशांच्या खाली, गाळात बसला आणि हात पसरला. बराच वेळ कोणी आले नाही. मग एक मासा अलगद तळहातावर टेकला.

थांबत थांबत दोघे वर आली, आणि येता येता माशाची पुन्हा राजकन्या झाली. किनाऱ्यावर शर्वाणी प्रथमच ताठ उभी राहिली. ती राजापेक्षा वीतभर उंच होती. धुंडिराजाने डोळे मिटून घेतले.

"केवढी वाढलीस!" राजा मान वर करून म्हणाला.

"फार वर्षे झाली, आबासाहेब."